डिझाइनचे विद्यार्थी आणि लहान व्यवसाय: काम वर्गातून दुकानापर्यंत कसं न्यायचं

सत्राचा शेवटचा दिवस होता. भिंतीवर विद्यार्थ्यांचे बोर्ड लागले होते आणि सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारे एक गृहस्थ, आपल्यासाठी केलेलं काम बघायला दुकान अर्धा दिवस बंद ठेवून आले होते. बोर्ड देखणा होता. नवी पाटी, नवं बिलबुक, कारागिरांच्या शर्टावरचं चिन्ह, सगळं चित्रात. त्यांनी शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "छान झालंय. आता हे मी कुणाकडे नेऊन करून घेऊ?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. फाइल एका मुलीच्या लॅपटॉपमध्ये होती, त्यातला फाँट चाचणीपुरता उतरवून घेतलेला होता आणि पाटीच्या जागेचं माप कुणी घेतलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात सुट्टी लागली आणि दुकानावर जुनीच पाटी राहिली.

ते मला फार लागलं. त्या माणसाने चार वेळा काम थांबवून आमच्या मुलांना वेळ दिला होता. विद्यार्थ्यांनी सत्रभर एखाद्या लहान व्यवसायासाठी खरं काम करायचं, हा आमचा उपक्रम. त्यानंतर मी त्याची आखणी मागून पुढे करायला लागले. शेवटच्या दिवशी दुकानात नेमकी कोणती वस्तू असेल ते आधी ठरवायचं आणि तिथून मागे येत एकेक आठवडा भरायचा. पुढे दिलेली पद्धत मुख्यतः शिक्षक आणि समन्वयकांसाठी आहे, पण स्वतःहून काम शोधणाऱ्या विद्यार्थ्यालाही ती जशीच्या तशी वापरता येईल.

१. दोन्हीकडची कॅलेंडरं शेजारी ठेवा

सत्र पंधरा-सोळा आठवड्यांचं धरलं तर पहिले दोन आठवडे घडी बसण्यात जातात आणि शेवटचे दोन मूल्यमापनात. छपाई, बसवणी आणि त्यातल्या चुका निस्तरायला तीन आठवडे राखून ठेवावेच लागतात. डिझाइनच्या हाती उरतात साधारण आठ. ते मी असे वाटते: दोन आठवडे निरीक्षण, एक आठवडा काम नेमकं ठरवण्यासाठी, तीन आठवडे कच्चे नमुने आणि दुरुस्त्या, दोन आठवडे अंतिम फाइली.

व्यवसायालाही हंगाम असतो. शाळेचे गणवेश शिवणाऱ्याकडे शाळा उघडण्याच्या तोंडावर गेलात तर त्याला मान वर करायलाही फुरसत नसते. म्हणून पहिल्याच भेटीत सर्वांत गर्दीचे महिने कोणते ते विचारून घ्या. त्या महिन्यांत काम करायचं नाही, पण ते सुरू होण्याआधी संपवायचं. मग मालकालाही घाई असते आणि तोच तुमच्या मागे लागतो. उपक्रम वेळेत पुरा व्हायला याचा मोठा हातभार लागतो.

२. व्यवसाय निवडा, आणि थोडेच निवडा

मी चार गोष्टी बघते. निर्णय घेणारी व्यक्ती एकच हवी. तीन भावांचं दुकान असेल तर त्यांच्यातला एक जण आधी ठरवून घ्या. अंतर असं हवं की मुलं तास संपल्यावर सहज जाऊन येतील. व्यवसाय किमान दोन वर्षं चालू असावा, कारण अजून सुरूच न झालेल्या व्यवसायाला गिऱ्हाईकही नसतं आणि अडचणीही नसतात, तिथे विद्यार्थी हवेत बाण मारत बसतात. चौथी गोष्ट म्हणजे छपाईचा किंवा पाटीचा खर्च मालकाने करायची तयारी. रक्कम लहान असली तरी चालेल. ज्याचे स्वतःचे पैसे लागलेत तो माणूस नमुना लक्ष देऊन बघतो.

ईमेल आणि पत्रकं पाठवून फारसं हाती लागत नाही. दुकानात निवांत वेळ असताना स्वतः जा. प्रेझेंटेशन नेऊ नका. एकच प्रश्न न्या: "येणारी माणसं रोज तोच तोच कोणता प्रश्न विचारतात?" मालकाने क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलं, तर काम तिथेच सापडलं म्हणून समजा. जाताना हेही स्पष्ट सांगा की ही मुलं शिकताहेत, कामाला व्यावसायिकापेक्षा जास्त वेळ लागेल आणि त्यांच्या चुका तुम्हाला दिसतील. हे ऐकून जो मागे सरतो तो आत्ताच मागे सरलेला बरा.

पहिल्या वर्षी तीन व्यवसाय पुरेत. चोवीस मुलांचा वर्ग असला तरी सगळे एकदम बाहेर पाठवायची गरज नाही. जोडी किंवा तिघांचा गट करा, त्याहून मोठा नको. गटातल्या एकानेच मालकाशी फोनवर बोलायचं, म्हणजे निरोपांचा घोळ होत नाही. पहिल्या भेटीला शिक्षकाने बरोबर जावं आणि पुढच्या भेटींना कुणी एकट्याने जाऊ नये.

एकाच दुकानासाठी आठ गटांनी आठ डिझाइनं करायची आणि मालकाने एक उचलायचं, ही प्रथा मला मान्य नाही. सात गटांचं काम केराच्या टोपलीत जातं आणि आठ गटांना पुरेल इतका वेळ कुठल्याच लहान दुकानदाराकडे नसतो. परिणामी मुलं गिऱ्हाईक समजून घेण्याऐवजी मालकाची आवड ओळखण्याचा खेळ खेळायला लागतात. जर्मनीतल्या बाउहाउस या डिझाइन शाळेत १९२९ साली राश या वॉलपेपर बनवणाऱ्या कंपनीसाठी विद्यार्थ्यांची स्पर्धा झाली होती, हा दाखला मला कधी कधी दिला जातो. पण तिथे निवडलेल्या अनेक नमुन्यांचा मिळून एक संग्रह बाजारात आला. म्हणजे बऱ्याच जणांचं काम खरोखर भिंतींवर लागलं. तशी सोय असेल तर स्पर्धा जरूर घ्या.

३. काम लहान करा

इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. मालक म्हणतो, "लोगो करून द्या." विद्यार्थ्यालाही लोगोच करायचा असतो. दोघंही खूश असतात आणि आठ आठवडे एका चिन्हाभोवती फिरण्यात जातात.

चष्म्याच्या एका दुकानात आमचं असंच झालं असतं. लोगो हवा म्हणूनच त्यांनी होकार दिला होता. गटातली दोघं काउंटरच्या बाजूला स्टूल टाकून दोन दुपारी बसली आणि येणारं प्रत्येक माणूस, येणारा प्रत्येक फोन वहीत टिपत गेली. बहुतेक फोन एकच गोष्ट विचारणारे होते: चष्मा तयार झाला का? मालक दर वेळी हातातलं काम सोडून, रजिस्टर उघडून तारीख बघायचे. तारीख पावतीवर लिहिलेली होती, पण सगळ्यात खाली, फिकट करड्या रेघेवर, रकमेच्या शेजारी. लोकांना ती सापडतच नव्हती. शेवटी काम ठरलं ते पावतीचं. तारखेला वरच्या कोपऱ्यात ठळक चौकट, तिच्याखाली दुकानाच्या वेळा आणि पाठीमागे काचांचे प्रकार साध्या शब्दांत. चिन्ह जुनंच राहिलं. पोर्टफोलिओत पावती टाकायची म्हटल्यावर सुरुवातीला मुलांचं तोंड उतरलं होतं, पण पुढे मुलाखतीत त्याच पावतीवर सर्वांत जास्त बोलायला मिळालं, असं त्यातल्या एकीने मला आवर्जून कळवलं.

ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने २००५ मध्ये मांडलेल्या डबल डायमंड आराखड्यात पहिला हिरा अडचण नीट ओळखण्याचा आहे आणि दुसरा त्यावर उपाय करण्याचा. वर्गात अडचण शिक्षक तयार करून हातात देतात, त्यामुळे पहिल्या हिऱ्याचा सराव होतच नाही. लहान व्यवसायात तो करावाच लागतो. मला हा अख्खा उपक्रम त्यासाठीच मोलाचा वाटतो.

आठ आठवड्यांत पुरी होणारी कामं अशी: पावती किंवा बिल, दरपत्रक, एका उत्पादनाचं लेबल, दुकानाची पाटी, वापराच्या सूचनांचं कार्ड, ठरावीक वस्तूंची छायाचित्रं. न घ्यायची कामं: ऑनलाइन विक्रीची वेबसाइट, ॲप, सगळ्या उत्पादनांचं एकदम पॅकेजिंग. वेबसाइट करून देणं अवघड नसतं, पण ती पुढे सांभाळणार कोण? सत्र संपल्यावर ज्याला रोज हात लावावा लागेल असं काहीही विद्यार्थ्यांच्या गळ्यात घालू नका आणि मालकाच्याही नको.

ठरलेलं काम एका वाक्यात लिहा. "पावती अशी की चष्मा कधी मिळणार हे फोन न करता कळेल." हे वाक्य मालकाला वाचून दाखवा. त्याने मान डोलावली की मगच संगणक उघडायचा.

४. एका पानाचा करार

१९७१ साली अमेरिकेतल्या पोर्टलँड स्टेट विद्यापीठात कॅरोलिन डेव्हिडसन डिझाइन शिकत होती. तिथे हिशेबशास्त्र शिकवणारे फिल नाइट बुटांचा एक छोटा व्यवसाय चालवत होते. त्यांच्यासाठी तिने नायकेचं चिन्ह काढलं आणि तिला ३५ डॉलर मिळाले. १९८३ मध्ये कंपनीने तिला शेअर आणि एक अंगठी देऊन सन्मान केला, ही गोष्ट आनंदाचीच. पण त्या बारा वर्षांत तिच्या हातात स्वतःहून मागण्यासारखं काही नव्हतं. विद्यार्थ्याने केलेलं काम कुठवर जाईल हे सुरुवातीला कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून तेव्हाच लिहून ठेवायचं.

करार वकिली भाषेत नको. एक पान, दोघांना कळेल असं. त्यात काय काय असावं ते सांगते. काय तयार करून मिळणार, म्हणजे तीच एका वाक्यातली व्याख्या आणि फाइलींचे प्रकार. किती वेळा बदल करता येतील. मी दोन फेऱ्या ठेवते आणि एका फेरीतले सगळे बदल एकदम सांगायचे असं लिहिते. मालकाने मजकूर, मापं आणि छायाचित्रं कोणत्या तारखेपर्यंत द्यायची. लेबलवर कायद्याने जे छापावं लागतं तो मजकूर मालकानेच लेखी द्यायचा, विद्यार्थ्याने अंदाजाने लिहायचा नाही. काम आवडलं नाही तर वापरायचं बंधन नाही, पण का आवडलं नाही ते समोर बसून सांगायचं.

हक्कांचं कलम सोडू नका. मालकाला काम कुठे वापरता येईल, विद्यार्थ्याला ते पोर्टफोलिओत दाखवता येईल का, आणि नाकारलेले कच्चे नमुने कुणाचे, हे तिन्ही लिहा. नाकारलेले नमुने विद्यार्थ्याकडेच राहतात असं माझ्या कागदावर ठळक अक्षरात असतं, कारण वाद होतो तो तिथेच.

पैशांबद्दल माझं मत ठाम आहे. काम अभ्यासक्रमाचा भाग असेल, त्याला गुण मिळत असतील आणि शिक्षक सोबत असतील, तर मानधन नसलं तरी चालेल. प्रवास, कागद आणि नमुन्यांचा खर्च मात्र विद्यार्थ्याच्या खिशातून जाता कामा नये. अभ्यासक्रमाबाहेर एक पानही वाढलं, "जाता जाता एवढं कार्ड पण करून टाक" असं झालं, की मोबदला द्यायचा. ते वाक्य करारात असलं की मुलांना तोंड उघडून मागावं लागत नाही. आणि ज्या व्यवसायाला नियमित डिझायनर परवडतो, त्याला फुकटचे हात पुरवण्यासाठी हा उपक्रम वापरू नका. त्याने ज्यांचं पोट या कामावर आहे त्यांचंच नुकसान होतं, आणि उद्या आपली मुलंही त्यांच्यातच असणार आहेत.

५. बसा आणि बघा

निरीक्षणाच्या दोन आठवड्यांत काहीही डिझाइन करायचं नाही. वही आणि मोजपट्टी घेऊन जायचं. गर्दीची वेळ एकदा आणि निवांत वेळ एकदा, अशा किमान दोन बैठका. टिपायचं ते इतकंच: माणूस आत आल्यावर आधी कुठे बघतो, काय विचारतो, कुठे अडखळतो, मालक कोणतं वाक्य पुन्हा पुन्हा बोलतो. गिऱ्हाइकांचे फोटो त्यांना न विचारता काढायचे नाहीत.

मापं घेताना पाटीची जागा, काउंटरची उंची, उजेड कुठून पडतो, संध्याकाळी दिवा कुठला लागतो, हे सगळं आलं. मालकाने स्वतः हाताने लिहून चिकटवलेले कागद तर आवर्जून बघा. "सुटे पैसे द्या", "हात लावू नये", "मागच्या दाराने या" असा प्रत्येक कागद म्हणजे कुठेतरी काहीतरी नीट सांगितलं जात नाही याची खूण असते. ते कागद एकत्र मांडले की निम्मं काम समोर दिसायला लागतं.

६. नमुना दुकानात दाखवा

स्क्रीनवर सगळंच चांगलं दिसतं. म्हणून खऱ्या मापात, साध्या कागदावर, काळ्या-पांढऱ्यात छापा आणि जिथे ती वस्तू असणार तिथेच चिकटवा. पाटी असेल तर रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन वाचा. अक्षराच्या उंचीचा एक सोपा अंदाज कामाला येतो: आरामात वाचता यावं म्हणून दर तीन मीटर अंतरामागे सुमारे अडीच सेंटीमीटर उंची. पंधरा मीटरवरून वाचायचं असेल तर साडेबारा सेंटीमीटर. मुलांनी काढलेलं अक्षर बहुतेक वेळा याच्या निम्मं असतं.

रंगातला फरकही तपासा. वेबसाठीच्या सुलभता निकषांत साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ इतकं उजळपणातल्या फरकाचं (कॉन्ट्रास्टचं) प्रमाण सांगितलं आहे. छापील कामासाठी तो नियम नाही, तरी सुरुवातीची चाळणी म्हणून चांगला आहे. उतारवयातल्या दोन-तीन माणसांना वाचायला दिलं की खरं काय ते कळतं.

मालकाला "आवडलं का?" विचारू नका. आवडलं म्हणणं सभ्यपणाचं असतं, त्यातून हाती काही लागत नाही. कागद गिऱ्हाइकाच्या हातात द्या आणि विचारा, "चष्मा कधी मिळेल?" किती वेळात बोट त्या तारखेवर जातं ते बघा. मालकही शेजारी उभा राहून तेच बघतो आणि मग बदलांची चर्चा आवडीनिवडीवरून निघून कामावर येते. अमेरिकेत ऑबर्न विद्यापीठाच्या रूरल स्टुडिओत १९९३ पासून वास्तुकलेचे विद्यार्थी खरी घरं बांधतात, आणि त्या घरात राहणारा माणूस त्यांच्या ओळखीचा असतो. आपलं काम पावतीएवढं असलं तरी ती ओळख व्हायला हवी.

७. छपाई शिका, छापखान्यात जाऊन

अंतिम फाइल करण्याआधी मुलांना छापणाऱ्याकडे घेऊन जा. कोणता कागद मिळतो, कापताना किती सरकतं, कोणती फाइल चालते, हे त्याच्या तोंडून ऐकलं की विसरत नाही. साधारणपणे लागतं ते असं: कडेपर्यंत रंग असेल तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीची जागा, महत्त्वाचा मजकूर कापायच्या रेघेपासून तेवढाच आत, छायाचित्रं प्रत्यक्ष मापात ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके), रंग स्क्रीनच्या आरजीबीऐवजी छपाईच्या शाईंच्या सीएमवायकेमध्ये आणि अक्षरं आउटलाइनमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदललेली. जोडाक्षरं असलेल्या लिपीत हे शेवटचं चुकलं तर दुसऱ्या संगणकावर मजकूर मोडतो, आणि भाषा न येणाऱ्या माणसाला ते दिसतही नाही. म्हणून छापण्यापूर्वीची शेवटची प्रत मालकाने वाचून सही करायची.

एक चूक सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. घरगुती साबणाचं लेबल होतं. लाल-पांढरं, फार गोड दिसणारं. बारकोडच्या काळ्या रेघा त्यात खटकतात म्हणून मुलांनी त्याही लाल केल्या. आम्ही सगळ्यांनी तो नमुना पाहिला, कुणालाच काही वाटलं नाही. लेबलं छापून आली आणि स्कॅनरवर एकही वाचलं गेलं नाही. बारकोड वाचणारी बरीच यंत्रं लाल उजेड टाकतात. त्या उजेडात लाल शाई पांढऱ्या कागदासारखीच चमकते, त्यामुळे यंत्राला रेघाच दिसत नाहीत. सगळा गठ्ठा वाया गेला आणि खर्च विभागाने सोसला. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: बारकोड काळा, मागे पांढरं, दोन्ही बाजूंना मोकळी जागा. दुकानातल्या वस्तूंवर नेहमी दिसणाऱ्या ईएएन-१३ या तेरा आकडी बारकोडचं मूळ माप ३७.२९ गुणिले २५.९३ मिलिमीटर आहे आणि तो ८० टक्क्यांपेक्षा लहान करायचा नाही. क्यूआर कोडभोवती त्यातल्या सर्वांत लहान चार चौकोनांएवढी कोरी कड लागते. आणि छपाईला देण्याआधी नमुना खऱ्या यंत्रावर वाचून बघायचा.

८. सोपवणं म्हणजे फाइल पाठवणं नव्हे

मालकाच्या हातात एक फोल्डर द्या, त्यात तीनच विभाग: छापायला द्यायच्या पीडीएफ, स्क्रीनसाठी पीएनजी आणि एसव्हीजी, आणि बदल करण्यासाठीची मूळ फाइल. दर किंवा वेळा बदलणार असतील तर तो भाग मालकाला स्वतः उघडता येईल अशा साध्या प्रोग्राममध्ये करून द्या. मुलांना यात कमीपणा वाटतो. पण ज्या दरपत्रकात दर बदलता येत नाही ते दोन महिन्यांत फेकलं जातं. फाँट असा निवडा की मालकाला वेगळा परवाना घ्यावा लागू नये. ओपन फाँट लायसन्स या खुल्या परवान्याखाली येणारे भरपूर चांगले फाँट आहेत.

सोबत एक छापील पान: कागद कोणता, माप किती, कुठे छापलं, पुढच्या वेळी काय सांगायचं. मग अर्धा तास शेजारी बसून मालकाकडूनच एक बदल करून घ्या. माउस त्याच्या हातात, विद्यार्थ्याचे हात मांडीवर.

९. गुण, आणि महिन्यानंतरची भेट

गुण देताना बोर्डच्या सौंदर्याला मी सर्वांत कमी महत्त्व देते. निरीक्षणाची वही, बदललेले नमुने आणि सोपवलेलं फोल्डर यांना जास्त. मालकाला गुण द्यायला लावू नका, तो संकोचाने पूर्ण देतो. त्याला तीन प्रश्न विचारा: मुलं ठरलेल्या वेळी आली का, तुमचं म्हणणं त्यांना कळलं का, आणि आता तुम्ही काय वेगळं करता.

कधी मालक मध्येच फोन उचलणं बंद करतो. दोन आठवडे वाट बघा, शिक्षकाने एकदा जाऊन यावं, आणि तरीही जमलं नाही तर तेवढ्या कामावर मूल्यमापन करा. त्याची शिक्षा मुलांना नको. विद्यार्थी गळाला तर काम शिक्षकाने पूर्ण करायचं. शब्द संस्थेने दिलेला असतो.

वस्तू वापरात आल्यावर महिन्याने गटाने परत जायचं, ही भेट वेळापत्रकात सुरुवातीलाच लिहून ठेवा, नाहीतर होत नाही. चष्म्याच्या दुकानात मुलं परत गेली तेव्हा मालक पावतीवरच्या तारखेच्या चौकटीत तारखेशेजारी पेनने वेळही लिहीत होते, "संध्या. ५ नंतर" असं, जागा पुरत नव्हती म्हणून तिरकं. मुलांनी मोजपट्टी काढली, चौकट एका सेंटीमीटरने रुंद केली आणि पुढच्या बिलबुकासाठी नवी पीडीएफ त्याच दुपारी फोल्डरमध्ये टाकून दिली.